बँकॉकमध्ये मैत्रिणीसोबत एकच दिवस: काय धरावं, काय सोडावं?

चाफेकळी | ४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या हॉस्टेलमधली माझी रूममेट आता सिंगापूरला असते. लग्नं, मुलं, बदल्या, आईवडिलांची आजारपणं यात आमची निवांत भेट कायम राहूनच गेली. या महिन्याच्या शेवटी दोघी बँकॉकला भेटतोय. पुढे चियांग माईला जायचंय, त्यामुळे बँकॉकमध्ये हातात पूर्ण असा एकच दिवस. मुक्काम सिलोमच्या बाजूला.

घरचे म्हणतात, इतक्या वर्षांनी भेटताय तर एका जागी बसा, गप्पा मारा, कशाला वणवण? पण आमच्या गप्पा कायम चालतानाच रंगायच्या. मला हा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत भरगच्च हवाय. यादी अशी: ग्रँड पॅलेस, वाट फो, वाट अरुण (थाई भाषेत 'वाट' म्हणजे देऊळ), रेशीमवाल्या जिम थॉम्पसनचं घर, वाट त्रैमितमधला सोन्याचा बुद्ध, एरावानचा ब्रह्मदेव आणि चायनाटाउन.

जमेल का? मी शाकाहारी, तिला काहीही चालतं. तिचा एक गुडघा कुरकुरतो, पण चालण्याची हौस दांडगी आहे.

---

घाटमाथा | ४ नोव्हेंबर, रात्री १०.०५

सात ठिकाणं? ताई, ही यादी नाही, पंचायत समितीचा दौरा आहे. हलकेच घ्या.

मनापासून सांगायचं तर यातली तीन नीट होतील. सातही केलीत तर फोटो सात ठिकाणचे असतील आणि आठवण टॅक्सीची राहील. बँकॉकचा ट्रॅफिक भयंकर आहे.

---

सिंगापूरकर | ४ नोव्हेंबर, रात्री ११.३०

घाटमाथा यांच्याशी अर्धा सहमत. दिवस भरगच्च करा, पण टॅक्सीत बसू नका. बँकॉकचा जुना भाग चाओ फ्राया नदीच्या काठाने वसलाय. १७८२ साली 'पहिला राम' या थाई राजाने राजधानी थोनबुरीच्या काठावरून पलीकडे आणली, तेव्हा राजवाडा, देवळं, व्यापाऱ्यांची वस्ती सगळं नदीला धरूनच झालं. म्हणून तुमचा दिवसही नदीला धरूनच आखा.

सिलोमहून स्काय ट्रेनने सफान ताकसिन स्टेशनला उतरा. जिन्याखालीच साथोर्नचा धक्का आहे. तिथे पर्यटकांच्या बोटीसाठी बोलावणारे बरेच भेटतील. तुम्ही केशरी झेंड्याची बोट विचारा. १६ बाथ, अंतर कितीही असो. ऑफिसला जाणारी माणसं, शाळेची मुलं, भिख्खू सगळे त्याच बोटीत असतात. था चांग धक्क्याला उतरलात की राजवाडा चालत पाच-सात मिनिटांवर. तिथून वाट फो चालत. वाट फो समोरच्या था तिएन धक्क्यावरून पलीकडे वाट अरुण, होडीचे ५ बाथ. संध्याकाळी सनाम चाय मेट्रो स्टेशनवरून दोन स्टेशनं पुढे वाट मांगकोन, म्हणजे चायनाटाउन.

टॅक्सी शून्य. जिम थॉम्पसन, एरावान आणि त्रैमित या दिवसातून काढा. तिन्ही चांगली आहेत, पण नदीपासून बाजूला आहेत. त्रैमित त्यातल्या त्यात जवळ, पण संध्याकाळी लवकर बंद होतं.

---

जुनाखेळाडू | ५ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

माझं मत वेगळं. काढायचाच असेल तर ग्रँड पॅलेस काढा. तिकीट ५०० बाथ, आत टूर कंपन्यांचे झेंडे, सेल्फी काठ्या आणि डोक्यावर ऊन. आतल्या देवळातली पाचूच्या बुद्धाची मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटर, ती उंच चौथऱ्यावर, तुम्ही खाली बसून मान वर करून बघणार. फोटोही काढू देत नाहीत. त्याऐवजी सकाळी जिम थॉम्पसनचं घर बघा. सागवानाची जुनी थाई घरं ठिकठिकाणहून आणून कालव्याकाठी जोडलीत. शांत बाग आहे, आतली सगळी माहिती गाईड नीट सांगतात.

---

नदीकाठ | ५ नोव्हेंबर, सकाळी ९.५०

जुनाखेळाडू, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे मला अजिबात पटलं नाही. मराठी माणसाने बँकॉकला जाऊन ग्रँड पॅलेस सोडायचा?

पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवतीची ओवरी बघितली नाहीत का? आतल्या भिंतीवर सलग रामायण रंगवलंय, १७८ चित्रं. थायलंडचं रामायण म्हणजे रामाकियन. उत्तरेच्या दारापासून सुरू करायचं आणि भिंतीच्या कडेकडेने कथा वाचत जायचं. गर्दी मधल्या अंगणात असते. ओवरीत सावली असते आणि लोक दोन फोटो काढून पुढे सरकतात.

आपल्या आजीने सांगितलेल्या अहिरावण-महिरावणाच्या गोष्टी तिथे भिंतीवर भेटतात. मैयराप नावाचा पाताळातला राक्षस रामाला पळवतो. त्याआधी हनुमान प्रचंड रूप घेऊन रामाचा अख्खा मंडप तोंडात धरून राखण करतो, ते चित्र तर बघाच. पाताळात जाताना हनुमानाला अडवणारा पहारेकरी निघतो त्याचाच मुलगा. वानराचं अंग आणि माशाची शेपटी. आपला मकरध्वज! फक्त तिकडे आई वेगळी आहे. रावणाची मत्स्यकन्या मुलगी सुवन्नमच्छा सेतू बांधताना दगड पळवत असते, हनुमान तिला पकडायला जातो आणि तिच्या प्रेमात पडतो. तिकडचा हनुमान ब्रह्मचारी नाही.

ही ओवरी सोडून बागेत बसायला बँकॉक कशाला, पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे की.

---

भटकीमांजर | ५ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

नदीकाठ +१००. पुढच्या वेळेसाठी प्रतिसाद साठवून ठेवला.

---

जुनाखेळाडू | ५ नोव्हेंबर, सकाळी ११.००

ओवरी मान्य. रामायणासाठी जायचं असेल तर सकाळी साडेआठला तिकीटखिडकी उघडताना हजर राहा. दहानंतर गेलात तर माझंच म्हणणं पटेल.

---

खमंग | ५ नोव्हेंबर, दुपारी १.३०

शाकाहाराबद्दल. थायलंडमध्ये नुसतं 'व्हेज' सांगून भागत नाही, कारण भाजीतही फिश सॉस असतो आणि पपईच्या सॅलडमध्ये सुकट. 'जे' हा शब्द लक्षात ठेवा. चिनी परंपरेतला कडक शाकाहार, त्यात मांस-मासे-अंडं-दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षर असतं, आपल्याला ते इंग्रजी आकड्यातल्या सतरासारखं दिसतं. अशी पाटी दिसली की डोळे मिटून बसा. चायनाटाउनमध्ये हमखास सापडते.

आणि मँगो स्टिकी राइस चुकवू नका. चिकट तांदूळ, वर नारळाचं किंचित खारट दूध, शेजारी आंबा. नारळ, भात आणि आंबा हे कोकणी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

---

दर्यासारंग | ५ नोव्हेंबर, दुपारी २.१०

आंबा मात्र हापूस नाही. एवढं बोलून खाली बसतो.

---

खमंग | ५ नोव्हेंबर, दुपारी २.१२

दर्यासारंग, तुमची उणीव होतीच धाग्यावर. त्यांचा नाम डोक माई आंबा लांबुडका, पातळ कोयीचा, गोड असतो. चिकट भाताबरोबर तोच जमतो. हापूसला भाताची सोबत लागतच नाही.

---

टिळकरोड | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४५

एक सावधगिरी. राजवाड्याच्या बाहेर नीटनेटक्या कपड्यातला, गोड इंग्रजी बोलणारा माणूस भेटतो. "आज पॅलेस बंद आहे, प्रार्थना चालू आहे, दुपारी उघडेल. तोवर वीस बाथमध्ये टुकटुकने मोठा बुद्ध दाखवतो." टुकटुक फिरत फिरत जाते रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात. माझ्या आत्याला असाच एक भेटला. आत्या शाळेत मुख्याध्यापिका होती. त्याला म्हणाली, "बरं, बंद दार तरी बघून येते." आणि सरळ दारात गेली. दार सताड उघडं.

दारापर्यंत स्वतः जा. बाकी कुणाचं ऐकू नका.

---

चाफेकळी | ५ नोव्हेंबर, रात्री १०.१५

किती छान लिहिताय सगळे! नदीकाठ, तुमचा प्रतिसाद मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवला, ती म्हणाली ओवरी पक्की. सिंगापूरकर, नदीचा बेत आवडला. पण जिम थॉम्पसन सोडवत नाहीये, तिला हातमागाचं वेड आहे.

---

पैठणकाठ | ६ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

हातमागाचं वेड असेल तर मी मध्ये बोलणारच. जिम थॉम्पसन हा अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या गुप्तहेर खात्यात होता, नंतर बँकॉकलाच राहिला. तिथलं हाताने विणलेलं रेशीम मागे पडत चाललं होतं, त्याने ते जगाच्या बाजारात नेलं. १९६७ मध्ये मलेशियाच्या कॅमेरून हायलँड्समध्ये फिरायला म्हणून बाहेर पडला आणि कायमचा बेपत्ता झाला. घर सुंदर आहे, पण तिथे बघायचंय ते त्याचं घर आणि त्याचा संग्रह.

कापड बघायचं असेल तर राजवाड्याच्या आवारातच राणी सिरिकित वस्त्रसंग्रहालय आहे. मी गेले तेव्हा राजवाड्याच्या तिकिटातच होतं. आत थंडगार. 'मत मी' बघा. धागा विणण्याआधीच बांधून रंगवतात, आपल्या इकतसारखं. नक्षीच्या कडा किंचित फिसकटलेल्या दिसतात, ती त्या कामाची खूण. पैठणीत नक्षी मागावर विणताना उमटते, इथे ती धाग्यात आधीच ठरलेली असते. दोन्ही कळणाऱ्या बाईला तासभर कमी पडेल.

म्हणजे नदी न सोडता तुमच्या मैत्रिणीची हौस भागते.

---

सिंगापूरकर | ६ नोव्हेंबर, सकाळी ९.००

पैठणकाठ, हे मला सुचलंच नसतं. उत्तम.

---

भटकीमांजर | ६ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

अवांतर: वेळ उरला तर लुंपिनी बागेत जा. ऐन शहरात तळ्याकाठी हातभराहून लांब घोरपडी फिरतात. शेजारी लोक डबा खात बसलेले.

---

दर्यासारंग | ६ नोव्हेंबर, दुपारी १२.२५

यशवंतीची सासुरवाडी सापडली!

---

घाटमाथा | ६ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

तिथे चढायला कडा नाही म्हणून बिचाऱ्या तळ्याकाठी बसल्यात.

---

टिळकरोड | ६ नोव्हेंबर, दुपारी १.०५

चला, धागा सिंहगडावर पोचला. पिठलं-भाकरी कोण आणतंय?

---

मोगरा_दादर | ७ नोव्हेंबर, सकाळी १०.४५

मूळ प्रश्नाकडे येते. गुडघ्याचं कुणीच बोललं नाही. वाट अरुणच्या मधल्या मनोऱ्याच्या पायऱ्या फार खड्या आहेत. चढताना जमतं, उतरताना पोटात गोळा येतो. मैत्रिणीने खालूनच बघावा. त्यात काही बिघडत नाही, कारण खरं काम खालीच जवळून दिसतं. सगळा मनोरा चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलाय. व्यापारी जहाजांत भार म्हणून आलेली भांडी, त्यांच्या फुटक्या बशांच्या पाकळ्या केल्या, मध्ये देठासारखा वाटीचा बूड. लांबून करडा दिसणारा मनोरा हाताच्या अंतरावर आला की हिरव्या-गुलाबी फुलांनी भरलेला निघतो.

दुसरं, दुपारची वेळ वाट फोमध्ये घाला. पारंपरिक मालिश शिकवणारी शाळा त्याच देवळाची, आवारात मालिशही करून मिळतं. गुडघ्याला आधीच सांगून जपायला सांगा. थाई मालिशची परंपरा २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. अंगभर साधे सैल कपडे घाला. खांदे-गुडघे झाकलेले राजवाड्यात लागतातच.

---

जुनाखेळाडू | ७ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

मोगरा यांचा सल्ला सोन्यासारखा. भर दुपारी उन्हात फिरू नका. दिवस भरगच्च असला तरी दुपार आडवं पडूनच काढायची.

---

चाफेकळी | ९ डिसेंबर, रात्री ८.२०

मंडळी, जाऊन आलो! सविस्तर लिहिते, कारण बेत तुम्हा सगळ्यांचा होता.

सकाळी बरोब्बर आठला सफान ताकसिन स्टेशनात होतो. राष्ट्रगीत सुरू झालं आणि जिन्यावरची, फलाटावरची सगळी माणसं जिथे होती तिथे उभी राहिली. आम्हीही राहिलो. संपल्याबरोबर सगळे पुन्हा धावायला लागले. रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला असं होतं म्हणे.

केशरी झेंड्याची बोट मिळाली. बसायला जागा नव्हती, उभ्यानेच गेलो. बोट धक्क्याला टेकायच्या आधी मागचा माणूस शिट्टी वाजवून चालकाला इशारे देतो, दोर टाकतो, माणसं उड्या मारतात, आणि मिनिटभरात बोट पुढे. मैत्रीण मुंबईत वाढलेली. म्हणाली, "लोकल पाण्यावर घातलीय."

राजवाड्याशी आम्हालाही 'आज बंद' सांगणारा भेटलाच. टिळकरोड, तुमच्या आत्यांची आठवण काढून हसत हसत पुढे गेलो.

ओवरीबद्दल काय लिहू? नदीकाठ, तुम्ही जे सांगितलंत त्याच्या दसपट आहे. सोन्याचा वर्ख सकाळच्या तिरप्या उजेडात चमकत होता. मंडप तोंडात धरलेला हनुमान सापडला तेव्हा आम्ही दोघी भिंतीसमोर गोष्ट आठवायला लागलो. तिला आजीची आठवत होती, मला कीर्तनात ऐकलेली, आणि दोन्हींत फरक! शेजारी एक इंडोनेशियन कुटुंब होतं. त्यांच्यातल्या बाई म्हणाल्या, आमच्या बाहुल्यांच्या खेळात अजून तिसरंच आहे. पंधरा-वीस मिनिटं तिथेच गेली. त्या चित्रांच्या मधोमध रोजच्या जगण्याचेही कोपरे आहेत. भांडणारी माणसं, स्वयंपाक, मुलांचे खेळ, झोपलेला पहारेकरी. तेच बघत बसावंसं वाटतं.

पाचूचा बुद्ध लहान आहे हे खरं, जुनाखेळाडू. पण ऋतूप्रमाणे त्याची वस्त्रं बदलतात, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशी तीन, आणि ती बदलायचा मान राजाचा. आम्हाला हिवाळ्याच्या सोनेरी जाळीच्या वस्त्रात दिसला. आपल्या विठोबाच्या पोशाखाची सवय असलेल्या माणसाला ते लगेच आपलं वाटतं.

वस्त्रसंग्रहालयातून मैत्रिणीला ओढून बाहेर काढावं लागलं. पैठणकाठ, तिने तुम्हाला खास नमस्कार सांगितलाय.

वाट फोचा पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब हे वाचून गेले होते, तरी दारातून आत शिरल्यावर आधी नुसता खांदा दिसला. खांबांमधून चेहरा, मग हात, असं चालत चालत पायापर्यंत जायचं. तळपायांवर शिंपल्याच्या कामात १०८ शुभचिन्हं. मागच्या बाजूने परत येताना भिंतीशी पितळी रंगाच्या १०८ वाट्या, एकेका वाटीत एकेक नाणं टाकत जायचं. आमच्या पुढे एक आजोबा होते, मागे शाळेची मुलं. प्रत्येकाची लय वेगळी, त्यामुळे सबंध गाभाऱ्यात टणटण चालू होती. मैत्रिणीने तिच्या आईच्या नावाने टाकली. आई मागच्या वर्षी गेल्या, आणि मला तेव्हा जाता आलं नव्हतं. तिथून बाहेर पडून आम्ही पिंपळाखाली बसलो आणि ती बोलत राहिली. घरच्यांचं 'निवांत बसा' तिथे आपोआप झालं. सकाळपासून चाललो नसतो तर हे बोलणं निघालं असतं असं मला वाटत नाही.

मग मालिश. मोगराताई, गुडघ्याचं आधी सांगितलं, बाईंनी फार जपून केलं. मैत्रीण घोरायला लागली.

साडेतीनला पलीकडे वाट अरुण. तिने खालच्या फुलांवर हात फिरवला, मी पायऱ्या चढून आले. तिथे थाई पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढणाऱ्या मुलींची गर्दी होती. आम्हीही घेतला. हो, दोघींनी! फोटो इथे टाकणार नाही.

सूर्यास्ताला परत अलीकडच्या काठावर आलो, कारण वाट अरुण मावळतीला समोरूनच बघायचा. मग मेट्रो. सनाम चाय स्टेशन बघाच, आत खांब-छत राजदरबारासारखं. तिथून चायनाटाउन. पिवळी पाटी सापडली. शिताके मशरूमचं सूप, तळलेला टोफू आणि शेवटी रस्त्यावर मँगो स्टिकी राइस. खमंग, दोन वेळा घेतला.

जिम थॉम्पसन, त्रैमित, एरावान राहिलं. रात्री अकराला हॉटेलवर पोचलो तेव्हा पाय बोलत होते आणि आम्हीही बोलतच होतो.

---

नदीकाठ | ९ डिसेंबर, रात्री ९.१०

ओवरीचं वाचून फार आनंद झाला. इंडोनेशियन बाईंचा किस्सा तर कमाल. जावाच्या वायांगमध्ये, म्हणजे त्या बाहुल्यांच्या खेळात, रामकथा आजही रात्ररात्र चालते.

---

घाटमाथा | ९ डिसेंबर, रात्री ९.३०

मी तीन ठिकाणं म्हटलं होतं. संग्रहालय आणि चायनाटाउन धरून पाच झाली, आणि सगळी मनासारखी झाली. टॅक्सी नसल्यामुळे हे जमलं, हे सिंगापूरकरांचं श्रेय. बाकी पिंपळाखालचं वाचून गलबललो.

---

पैठणकाठ | १० डिसेंबर, सकाळी ८.००

मैत्रिणीला माझाही नमस्कार. येवल्याला या कधी दोघी, माग दाखवते.

---

हिरवाचुडा | ११ डिसेंबर, दुपारी ३.१५

धागा एका दमात वाचला. आम्ही जानेवारीत जातोय, सोबत सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा. त्यांनाही हाच बेत चालेल का? बोटीतल्या उड्यांची भीती वाटते.

---

सिंगापूरकर | ११ डिसेंबर, संध्याकाळी ५.४०

तोच बेत उलटा करा. मेट्रोने थेट सनाम चाय, तिथून आधी वाट फो. मुलाला नाण्यांच्या वाट्या आवडतील, सुट्टी नाणी आतच मिळतात. मग दुपारी विश्रांती, आणि चार वाजता था तिएनहून होडीने वाट अरुण. ती होडी सपाट आणि रुंद आहे, दोन मिनिटांचा प्रवास, सासूबाईंना हात दिला की झालं. ग्रँड पॅलेस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, फक्त देऊळ आणि ओवरी.

---

नदीकाठ | ११ डिसेंबर, संध्याकाळी ६.२०

आणि जायच्या आधी सासूबाईंकडून मुलाला अहिरावण-महिरावणाची गोष्ट सांगून घ्या. मग ओवरीत मंडप तोंडात धरलेला हनुमान त्यालाच शोधू द्या.

---

हिरवाचुडा | ११ डिसेंबर, रात्री ९.०५

सासूबाईंना वाचून दाखवलं. गोष्ट आज रात्रीच सुरू झालीय. मुलगा विचारतोय, मकरध्वजाला पोहता येतं की नाही?

---

दर्यासारंग | ११ डिसेंबर, रात्री ९.०७

अहो, शेपटी माशाची आहे. रत्नागिरीच्या कुठल्याही पोरापेक्षा बरं येत असणार.